मूल कोणत्या खोलीत बसणार?

गेल्या उन्हाळ्यातल्या मंडळाच्या सहलीची गोष्ट. भेळेच्या टेबलापाशी मी वाढायला उभी होते आणि एक ओळखीचे गृहस्थ आपल्या मुलीच्या वर्गाबद्दल सांगत होते. मुलगी तिसरीत. वर्गात एक मुलगा आहे, तो मधूनच किंचाळतो, कधी उठून पळत सुटतो, मग टीचर त्याच्या मागे आणि बाकीची वीस मुले नुसती बसून. "वहिनी, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरून आपण प्लेनोत घर घेतलं ते कशासाठी? शाळांसाठीच ना? मग अशा मुलांना वेगळा वर्ग का देत नाहीत? त्यांचंही भलं आणि आपल्या मुलांचंही."

गृहस्थ सज्जन आहेत. मंडळात नवे आहेत, म्हणून त्यांना ठाऊक नव्हते की शेजारच्या टेबलावर कागदी बशा एकावर एक रचून, त्यांच्या कडा बोटाने जुळवत बसलेला उंच मुलगा माझा. मी काही बोलले नाही. त्यांना आणखी थोडी भेळ वाढली. घरी आल्यावर मात्र स्वतःचा राग आला, आणि संपादकांनी या पानासाठी लेख मागितला तेव्हा ठरवले की त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर आता द्यावे.

माझा मुलगा आता वीस वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मी ना वकील ना डॉक्टर. पण पंधरा वर्षे शाळांच्या मीटिंगांना बसून जे कळले ते कोणी मला आधी सांगितले असते तर फार बरे झाले असते, एवढ्याच अधिकारावर लिहीत आहे.

आधी थोडा इतिहास. आपल्याला वाटते की अमेरिकेत हे सगळे पहिल्यापासूनच होते. तसे नाही. १९७५ साली काँग्रेसने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा कायद्यातच नोंदवले होते की देशातली सुमारे दहा लाख अपंग मुले सार्वजनिक शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत. अध्यक्ष फोर्ड यांनी २९ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यावर सही केली. पुढे १९९० मध्ये त्याचे नाव बदलून 'आयडिया' झाले. त्याचा गाभा असा: प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेनुसार फुकट शिक्षण, आणि तेही शक्य तितके इतर मुलांच्या सोबत. साध्या वर्गात आवश्यक ती मदत देऊनही जमत नसेल, तेव्हाच मुलाला बाहेर काढायचे. 'मदत देऊनही' हे शब्द लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

आणि आपल्याकडे? मी पुण्याच्या ज्या वाड्यात वाढले तिथे एक मुलगा दिवसभर गॅलरीत बसलेला असे. त्याला शाळा नव्हती. पुण्यात 'कामायनी' १९६४ पासून होती, पण तिथे न्यायचे म्हणजे आधी घरच्यांनी 'आमचे मूल मतिमंद आहे' हे चार लोकांत मान्य करायला हवे. ते वाड्यात कोणाला जमले नाही. इकडे येताना आपण सुटकेस भरून लोणची-मसाले आणले, तशी ही लपवण्याची सवयही बरोबर आणली आहे. मंडळात इतकी वर्षे वावरताना मला किमान चार कुटुंबे अशी भेटली, ज्यांनी आपल्या मुलाचे निदान स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नव्हते.

आता टेक्सासकडे वळू, कारण या विषयातला आपल्या भागाला लागू असलेला मुख्य निकाल टेक्सासमधलाच आहे. एल पासोचा डॅनियल नावाचा सहा वर्षांचा मुलगा, डाउन सिंड्रोम असलेला. १९८६ साली आई-वडिलांच्या आग्रहावरून त्याला अर्धा दिवस साध्या प्री-किंडरगार्टन वर्गात आणि अर्धा दिवस विशेष वर्गात बसवले. काही महिन्यांतच टीचरचे म्हणणे पडले की जवळजवळ सगळे लक्ष त्याच्याकडेच द्यावे लागते, आणि तरी तो वर्गातले काही आत्मसात करत नाही. समितीने त्याला साध्या वर्गातून काढले. आठवड्यातून तीन दिवस, तेही आई हजर राहिली तर, इतर मुलांबरोबर जेवण; आणि मधल्या सुट्टीत एकत्र खेळणे, एवढे ठेवले. आई-वडील भांडत भांडत फेडरल अपील कोर्टापर्यंत गेले. १९८९ मध्ये निकाल लागला आणि ते हरले.

मग हरलेल्या खटल्याचे कौतुक कशाला? कारण निकाल देताना कोर्टाने दोन प्रश्न लिहून ठेवले, आणि टेक्सास, लुइझियाना व मिसिसिपीमधल्या शाळांना आजही या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला: मदतीची साधने आणि सेवा देऊन हे मूल साध्या वर्गात समाधानकारक रीतीने शिकू शकेल का? दुसरा: ते शक्य नसेल, तर शाळेने त्याला जमेल तितके जास्तीत जास्त इतर मुलांत मिसळू दिले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना काय बघायचे तेही सांगितले आहे. शाळेने खरोखर काही प्रयत्न केले की नावापुरते केले. मुलाला त्यातून काही मिळते का, आणि हे मिळणे म्हणजे निव्वळ अभ्यासच नव्हे, इतर मुलांकडून बोलणे-वागणे शिकणेही आले. मुलाचा एकूण अनुभव कसा आहे. आणि वर्गातल्या इतरांवर काय परिणाम होतो. मूल इतरांच्या वेगाने शिकत नाही एवढ्यावरून त्याला बाहेर काढता येत नाही, हेही कोर्टाने स्पष्ट केले.

आता आमची गोष्ट. आम्ही तेव्हा टेक्सासमधल्याच दुसऱ्या एका गावी राहत होतो. २०१० मध्ये मुलगा किंडरगार्टनला गेला. पहिल्या महिन्यातच फोन सुरू झाले. आम्ही तपासणी मागितली, तर "अजून लहान आहे, थोडे थांबून बघू" असे गोड शब्दांत सांगण्यात आले. दोन भाषांमुळे गोंधळत असेल, घरी मराठी बंद करा, असाही सल्ला मिळाला. आम्ही शहाण्यासारखे ऐकले. दीड वर्ष आमच्या सासूबाई नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलत होत्या, आणि जे एक माणूस त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारत होते तेही मुके झाले. दोन भाषांमुळे अशा मुलांचे नुकसान होत नाही असे संशोधन सांगते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

"थांबून बघू" यामागे काय असू शकते तेही पुढे कळले. टेक्सासच्या शिक्षण खात्याने २००४ मध्ये एक मोजमाप ठरवले होते: विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या वर गेले की त्या डिस्ट्रिक्टचे गुण कमी. तेव्हा हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होते. दहा-बारा वर्षांत ते बरोबर साडेआठवर आले, देशात सर्वांत कमी. टेक्सासमधली मुले एकाएकी बरी थोडीच झाली! २०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या वृत्तपत्राने हे उघडकीला आणले, २०१७ मध्ये विधिमंडळाने ती मर्यादा रद्द केली आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने टेक्सासने कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. आमच्या शाळेने याच कारणाने थांबवले असे मी म्हणणार नाही, पुरावा नाही. पण ती बातमी वाचून त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

अखेर तपासणी झाली आणि पहिली 'आर्ड' मीटिंग ठरली. ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते: मुलाच्या शिक्षणाची योजना, म्हणजे आय.ई.पी., ठरवणाऱ्या समितीला टेक्सासमध्ये आर्ड म्हणतात आणि आई-वडील तिचे सभासद असतात. पाहुणे नव्हे, सभासद! आम्ही मात्र पाहुण्यासारखेच गेलो. हे तर टाय लावून आले होते. टेबलाभोवती सात माणसे, प्रत्येकापुढे जाड फाइल. दहा मिनिटांत आम्हाला सांगण्यात आले की याच्यासाठी छोटा वर्ग आहे, तिथे अनुभवी टीचर आहेत, त्याला तिथे "सुरक्षित" वाटेल. शिक्षकांपुढे प्रश्न विचारणे आपल्या हाडातच नाही. आम्ही थँक्यू म्हणून सही केली.

तो वर्ग इमारतीच्या टोकाला होता. मुले वेगळ्या वेळी जेवत. दीड वर्षात त्याच्या तोंडून कुठल्याही मुलाचे नाव घरी आले नाही. टीचर चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. पण पाच मुले, त्यातली तिघे न बोलणारी. हा बोलायला शिकणार कोणाकडून? त्याला साध्या वर्गात कुठली मदत देऊन पाहिली, किती दिवस, त्याचा काय परिणाम झाला, हे प्रश्न आम्ही विचारलेच नाहीत. आणि कुठलीच मदत देऊन पाहिली नव्हती.

२०१४ मध्ये आम्ही प्लेनोत आलो. या वेळी मी डॅनियलचे दोन प्रश्न मराठीत कागदावर लिहून नेले होते. हात थरथरत होते, पण विचारले. त्यातून वर्षभरासाठी एक तडजोड निघाली: सगळे विषय साध्या वर्गात, सोबत अर्धा दिवस मदतनीस बाई, भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक, आणि गोंगाट असह्य झाला तर जायला एक कोपरा. पहिले सहा आठवडे भयंकर गेले, मग घडी बसली. गणिताला मात्र जमेना. गणिताच्या तासाला तो टेबलाखाली जाऊन बसे. डिसेंबरात आम्हीच म्हटले, गणित छोट्या खोलीत होऊ द्या. म्हणजे ज्या वेगळ्या खोलीविरुद्ध मी भांडायला गेले होते ती मीच मागून घेतली! त्यात मला कमीपणा वाटला नाही. आधी प्रयत्न झाला होता, आकडे समोर होते, आणि फक्त ज्या तासाला गरज होती तेवढाच तो बाहेर गेला.

म्हणून 'सगळ्या मुलांना सगळा वेळ साध्याच वर्गात' असा झेंडा मी घेणार नाही. काही मुलांना वेगळी शांत खोली खरोखर हवी असते, आणि त्यांच्या आईला कोणी उपदेश करू नये. माझे म्हणणे एवढेच की खोली आधी ठरवून मूल तिच्यात नेऊन बसवायचे, हा क्रम उलटा आहे. आज देशभरात विशेष शिक्षण घेणाऱ्या शाळकरी मुलांपैकी साधारण तीनातली दोन दिवसाचा ऐंशी टक्के किंवा अधिक वेळ साध्या वर्गात असतात. तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही.

आता सहलीतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न. तो टाकाऊ नाही. इतरांवरचा परिणाम ही कोर्टानेच सांगितलेली बाब आहे. पण वीस मुले नुसती बसून राहतात याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की त्या मुलाला हवी असलेली मदत वर्गात आलेलीच नाही. एकट्या टीचरच्या अंगावर सगळे टाकले आहे. अशा वेळी भाऊ, तुमची तक्रार आणि त्या मुलाच्या आईची तक्रार एकच आहे. मुलाला बाहेर काढा म्हणून प्रिन्सिपलना ई-मेल लिहिण्याऐवजी वर्गात दुसरे माणूस द्या म्हणून लिहिलेत, तर दोघांच्या मुलांचे काम होईल. आणि तुमच्या लेकीला विचारून पाहा. त्या मुलाला काय केले की तो शांत होतो हे तिला बहुधा ठाऊक असेल. मुलांना आपल्याआधी कळते.

टॅक्सचे म्हणाल, तर तो विषय या पानाचाच आहे. १९७५ मध्ये केंद्राने या शिक्षणाच्या जादा खर्चाचा चाळीस टक्के भार उचलण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात पंधरा टक्केही येत नाहीत. उरलेले राज्याच्या आणि स्थानिक टॅक्समधून. शिवाय टेक्सासमध्ये कित्येक वर्षे राज्याचा पैसा मुलाला काय मदत लागते यावर नव्हे, तर ते कुठल्या प्रकारच्या वर्गात बसते यावर ठरत असे. २०२५ च्या कायद्याने २०२६-२७ पासून तो मुलाला लागणाऱ्या सेवांवर ठरवायचा आहे. खोली आणि पैसा यांची गाठ सुटली तर मीटिंगमधले बोलणेही सरळ होईल, अशी मला आशा आहे.

त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या कायद्याने खासगी शाळांसाठी शिक्षण बचत खाती सुरू केली, त्यात अपंग मुलाला वर्षाला तीस हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. आकडा मोठा वाटतो. पण खासगी शाळेवर तुमच्या मुलाला घेण्याचे बंधन नाही, आणि तिकडे गेलात की आयडिया कायद्याने सार्वजनिक शाळेत मिळणारे हक्क मागे राहतात. शिवाय मोठी रक्कम हवी तर डिस्ट्रिक्टने केलेला आय.ई.पी. लागतोच. तेव्हा आधी तो करून घ्या, मग हिशेब मांडा. डिस्ट्रिक्टच खासगी शाळेची फी भरेल, अशा भरवशावर तर मुळीच राहू नका. २०१० मध्ये खुद्द प्लेनोच्या डिस्ट्रिक्टविरुद्ध बालवाडीच्या वयातल्या एका मुलाच्या पालकांचा असा दावा याच अपील कोर्टात गेला होता आणि पालक हरले.

नव्याने आलेल्या कुटुंबांची एक भीती मला नेहमी ऐकू येते: आम्ही एच-वनवर आहोत, मुलाचे असे काही नोंदले गेले तर ग्रीन कार्डाला अडचण येईल. शाळेचा दरवाजा व्हिसा बघून उघडत नाही. डॅलसच्या पूर्वेला दीड-दोन तासांवरच्या टायलर गावातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवले की कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येणार नाही. मग आपण तर रीतसर आलेले. सरकारी मदतीबाबत २०१९ मध्ये जो कडक इमिग्रेशन नियम आला होता, त्यातही आयडियाखाली शाळेत मिळणाऱ्या सेवा धरल्या जात नव्हत्या. तरीही मन खात असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, पण मुलाचे वर्ष त्यात घालवू नका.

तपासणी हवी असेल तर ती लेखी मागा, तारीख घालून. तोंडी मागणे म्हणजे न मागणे. लेखी अर्जाला शाळेने १५ शालेय दिवसांत उत्तर दिले पाहिजे, तुमची संमती मिळाल्यावर ४५ शालेय दिवसांत अहवाल, आणि त्यानंतर ३० दिवसांत आर्ड. त्यांच्या तपासणीशी असहमत असाल तर त्यांच्याच खर्चाने बाहेरची स्वतंत्र तपासणी मागता येते. शाळेने ती द्यावी, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत दाखवावे. मीटिंगमध्ये सही करण्याची सक्ती नाही. 'असहमत' लिहिता येते, मग दहा शालेय दिवसांच्या आत पुन्हा बसण्याची संधी द्यावी लागते. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी दुभाषा मागावा, मराठीचासुद्धा; यात लाजण्यासारखे काही नाही. मूल तीन वर्षांचे झाले की शाळेकडून मदत सुरू होऊ शकते, किंडरगार्टनची वाट बघायची गरज नाही. आणि राज्याच्या मेडिकेड वेव्हरच्या यादीत, विशेषतः एच.सी.एस.च्या, निदान झाल्याबरोबर नाव घाला. नाव घालताना आई-वडिलांचे उत्पन्न बघत नाहीत, पण नंबर लागायला दहा वर्षांहून अधिक लागू शकतात. आम्ही नाव उशिरा घातले आणि अजून वाट बघत आहोत.

मंडळाकडेही एक मागणे आहे. गणपतीच्या मुलांच्या कार्यक्रमात दर वर्षी तीस-चाळीस मुले स्टेजवर येतात. त्यात आमच्यासारख्यांची मुले दिसत नाहीत, कारण आम्ही विचारत नाही आणि तुम्हीही विचारत नाही. माझ्या मुलाला पडदा ओढायचे काम द्या. वेळ चुकणार नाही, ही हमी मी देते.

कायद्याने आर्ड मीटिंगला मुलाला ओळखणारे, जाणकार माणूस सोबत नेता येते. मंडळातल्या कोणाची पहिली मीटिंग असेल तर सेक्रेटरींकडे निरोप ठेवा. आधी एकदा घरी चहाला येऊन मुलाशी ओळख करून घेईन, म्हणजे मग बरोबर येता येईल. सकाळची वेळ असेल तर बरे, दुपारी अडीचला मला बस घ्यायला जावे लागते.